धोंडबा खानझोडेंची राखीव तोफ

२ ऑक्टोबर २०२४, बुधवार. सकाळी.
अमेरिकेहून येऊन आठवडा झाला. जेट लॅग ऑफिशियली संपला. आज गांधी जयंती, म्हणजे खरं बोलायला चांगला मुहूर्त. ही डायरी आजपासून सुरू. माझ्याशिवाय कोणी वाचायची नाही, त्यामुळे आव आणायचं कारण नाही.

वेदिकाने आणि जावयाने महिनाभर खूप फिरवलं. धबधबे, मॉल, आणखी मॉल. मनात राहिलं एकच. त्यांच्याकडे दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी आपसातच लढाई झाली होती. यादवी. भाऊ भावावर. ते मैदान त्यांनी झाडून-पुसून ठेवलंय आणि एकेका तोफखान्याचा वेगळा दगड लावलाय. कोणाच्या तोफा, किती, कुठे उभ्या होत्या, किती माणसं गेली, किती घोडे गेले. घोड्यांचीसुद्धा नोंद! शेजारी खरीखुरी तोफ, तोंड शत्रूकडे. जावई गाडीत एसी लावून बसला. मी उन्हात सगळे दगड वाचले. दोनदा डोळे भरून आले. घरचे म्हणाले, डिहायड्रेशन.

आणि आम्ही? नागपूरच्या दाराशी, उमरेड रोडवर, पाचगावला मुधोजी आणि साबाजी भोसले हे सख्खे भाऊ गादीसाठी लढले. २६ जानेवारी १७७५. साबाजीने लढाई जिंकतच आणली होती, शेवटी भावाच्याच गोळीने गेला. तिथे आज काय आहे? ढाबे आणि लेआऊटचे बोर्ड. आणि आमचे मूळपुरुष धोंडबा खानझोडे हे मुधोजीच्या तोफखान्यात होते, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. येत्या २६ जानेवारीला बरोबर अडीचशे वर्षं होतात. योगायोग नव्हे, हा आदेश आहे.

संकल्प: धोंडबांच्या तोफेचं स्मारक. अमेरिकन स्टँडर्डचं.

ता. क. वसंतदादाचे तीन मिस्ड कॉल. उद्या करतो.

४ ऑक्टोबर.
दादाला फोन केला. म्हणजे त्याचाच आला, मी उचलला.

वाईट बातमी. आम्ही तिकडे असताना दादाच्या दोन्ही किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. डॉक्टर म्हणतात, ट्रान्सप्लांट हाच उपाय. प्रेमिलावहिनीला शुगर आहे, तिची चालत नाही. पायल, त्याची एकुलती एक, द्यायला तयार आहे, पण दादा ऐकत नाही. म्हणतो, पोरीचं लग्न व्हायचं आहे, मी तिले चिरू देणार नाही. राहिलो मी. सख्खा भाऊ, ब्लड ग्रुप एकच, वय एकोणसाठ, प्रकृती ठणठणीत.

दादाने मागितली नाही. तो मागणारा नव्हेच. एवढंच म्हणाला, सुमंता, येऊन जाय गा एकदा. मागितली वहिनीने.

मी क्षणाचाही विलंब लावला नाही. म्हणालो, माझी किडनी म्हणजे दादाचीच. एक कशाला, दोन्ही घ्या. वहिनी रडायला लागली. मलाही भरून आलं. खरंच आलं. फोन ठेवल्यावर आरशात पाहिलं, चेहऱ्यावर एक वेगळंच तेज होतं.

सुमती (सौ.) स्वयंपाकघरातून म्हणाली, दोन नका देऊ, एकच द्या, पण द्या. बायकोचा विश्वास नसला की माणसाचं मोठेपण घरातच कुजतं.

टेस्ट पुढच्या आठवड्यात. ठरलं.

१२ ऑक्टोबर. दसरा.
आपट्याची पानं घेऊन आमच्या बेसा भागातून दादाकडे नंदनवनला गेलो. आज दीक्षाभूमीला लाखो लोक, ऑटोवाल्याने सगळं शहर फिरवलं. दादा वाळला आहे. हातावर डायलिसिसची गाठ फुगलेली. मला पाहून उठून बसला. सोनं दिलं, पाया पडलो. मग मुद्द्यावर आलो, धोंडबांच्या.

दादाला बाबांनी सांगितलेलं सगळं पाठ आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे धोंडबा तोफ डागत नव्हते, तोफेचे बैल हाकत होते. नाल्यापाशी काळ्या मातीत तोफ रुतली. ती निघेपर्यंत लढाई संपली, राजा बदलला, आणि मग ते बैल सोडून, शिदोरी खाऊन घरी आले. दादा म्हणतो, आपल्या घराण्याच्यानं तोफ नाई उडाली गा सुमंता. आणि हसला. हसता हसता धाप लागली, वहिनीने पाठ चोळली.

बाबांना मिलिटरी टर्मिनॉलॉजी माहीत नव्हती, त्याला कोण काय करणार? ज्या तोफेने गोळा डागला नाही आणि जी शेवटपर्यंत तयार होती, तिला राखीव तोफ म्हणतात. रिझर्व्ह बॅटरी. अमेरिकेत राखीव तोफखान्यांचेही दगड आहेत. मी स्वतः वाचलेत.

निघताना वहिनीने टेस्टचं विचारलं. म्हणालो, सणाचे दिवस, श्रीखंड पोटात, शुगर खोटी येईल. आधी पोट साफ होऊ द्या. दादा म्हणाला, होऊ दे गा, घाई नाई. दादाला कळतं. वहिनीला कळत नाही.

१६ ऑक्टोबर.
विधानसभेची आचारसंहिता लागली. नवीन काम सुरू करता येत नाही. तेहतीस वर्षं सरकारी आस्थापना शाखेत काढली, नियम अंगात मुरलेत. सुमती म्हणते, किडनीले काहून आचारसंहिता? शब्दशः नसेल लागू. पण नियमाचा आत्मा नावाची एक गोष्ट असते.

स्मारकाचं काम आधीच सुरू झालेलं असल्याने ते आचारसंहितेत बसतं.

५ नोव्हेंबर.
दिवाळी पार पडली. आज सालईखेड्याला जाऊन आलो. पाचगावच्या अलीकडचं लहान गाव, नाला अजून आहे, काळी माती अजून आहे. माझा बूट रुतला. अंगावर शहारा आला. हीच ती जागा.

सरपंच सरिताताई. चाळिशीच्या, चटपटीत बाई. त्यांना धोंडबा माहीत नव्हते, पण ऐकून घेतलं. म्हणाल्या, दगड लावा साहेब, आमची ना नाई, रस्त्यावरची जागा रिकामीच आहे. फक्त तोफेचं तोंड कोणाच्या घराकडं नको. लोकं मंग भांडतेत.

मी म्हणालो, तोफेचं तोंड इतिहास ठरवतो. त्या म्हणाल्या, इथं ग्रामसभा ठरवते.

८ नोव्हेंबर.
आमच्या बेसा भागातल्या मधुसूदनला तोफेची ऑर्डर दिली. तो खिडक्यांचे ग्रिल करतो. नळी बोअरवेलच्या केसिंग पाइपची, चाकं काटोलच्या एका संत्रेवाल्याच्या जुन्या बंडीची. बंडीचा बैलांशी संबंध, बैलांचा धोंडबांशी. सगळं कसं जुळून येतं.

मधुसूदन म्हणाला, साहेब, मागचं तोंड बंद करू का उघडंच ठेवू? म्हणजे गरज पडली तर पाणी वाहून जाईल. कारागिरांना स्वप्न दिसत नाही.

दादाचा फोन आला होता. स्मारकाचं सांगितलं. खूश झाला असावा, कारण लगेच म्हणाला, बरं आहे गा, ठेवतो.

२१ नोव्हेंबर.
काल मतदान झालं. आता कारण उरलं नाही, आणि मला कारण नकोच होतं. सकाळी उपाशीपोटी हॉस्पिटलला गेलो. एकटा. सुमतीला येऊ दिलं नाही, उगाच ड्रामा.

लॅबपर्यंत पोचलो. बाहेर भिंतीवर किडनीचं रंगीत चित्र, आतून कापलेली, राजम्याच्या दाण्यासारखी. ते शांतपणे पाहिलं. खुर्चीवर बसलो. एक माणूस हाताला कापूस दाबत बाहेर आला, त्याचा चेहरा मला काही आवडला नाही. सिस्टरने विचारलं, टेस्ट द्यायची आहे का? म्हणालो, चौकशी करायची आहे. चौकशी केली: कँटीन कुठे आहे. चहा घेतला, पोहे घेतले, तर्री जास्त होती. आता उपाशीपोट मोडलं, त्यामुळे टेस्ट शक्यच नव्हती.

लढाईआधी जागेची पाहणी करावीच लागते. आज पाहणी झाली. दादाला फोनवर सांगितलं, प्रोसेस सुरू झाली आहे. यात एकही शब्द खोटा नाही.

१ डिसेंबर, रविवार.
दगड! रामाजी हे ग्रॅनाइटचं काम करतात, किचनचे ओटे आणि नावाच्या पाट्या. एका बंगल्याच्या ओट्यातून उरलेला काळाभोर तुकडा त्यांनी काढून ठेवला होता. सिंकसाठी पाडलेलं अर्धगोल भोक एका कडेला आहे, पण ते जमिनीत जाईल.

मजकूर मी चार दिवस घासला. अमेरिकन पद्धतीने, मोजका:

धोंडबा खानझोडे यांची राखीव तोफ
मुधोजी भोसले यांचा तोफखाना
तोफ: एक. ठिकाण: नाल्याच्या अलीकडे.
लढाईच्या दिवशी शेवटपर्यंत सज्ज.
हानी: मनुष्य निरंक. बैल दोन, दमले.

सुमतीने वाचलं आणि म्हणाली, तुमच्यावरच लिहिलं वाटते. बाईमाणसाला इतिहासात रस नसतो.

खाली समितीची नावं यायची आहेत. अध्यक्ष मी. समिती अजून मीच.

७ डिसेंबर.
पायल आली होती. ऑफिसमधून थेट, पाणीसुद्धा घेतलं नाही. तोंडावर बोलणारी पोरगी आहे. म्हणाली, काका, हो म्हणा नाई तर नाई म्हणा. मी कवाची तयार आहे, बाबा ऐकत नाईत. म्हणतेत, सुमंत देतो म्हणाला ना, मंग तो देईन. तुमच्या एका शब्दावर थांबून राहिले ते. तुम्ही नाई म्हटलं तर मले तरी घेऊ देतीन.

मी म्हणालो, नाही कशाला म्हणू? मी हो म्हणालोय. शब्द म्हणजे शब्द.

ती म्हणाली, मंग तारीख सांगा.

२७ जानेवारी, म्हणालो. सव्वीसला तोफ, सत्तावीसला टेस्ट. माझ्याच हाताने कॅलेंडरवर गोल केला. पायलचं मिहानमधल्या आयटी कंपनीतल्या एका मुलाशी जमत आलंय म्हणे, साखरपुडा उन्हाळ्यात. चांगलं आहे. पोरीने अंगावर टाके घेऊन बोहल्यावर कशाला चढायचं? मी आहे ना.

ती गेल्यावर सुमतीने तो गोल पाहिला आणि पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

१७ डिसेंबर.
दादा ॲडमिट. छातीत पाणी भरलं. हिवाळी अधिवेशन सुरू, मोर्चे, अर्धे रस्ते बंद. जाणं अशक्य. सुमती मेट्रोने गेली. मेट्रो असते हे मला माहीत आहे, पण दोघांनी जाऊन पेशंटभोवती गर्दी करायची नसते.

मधुसूदनकडे जाऊन आलो. तोफेला रंगाचा पहिला हात लागला. काळा, मॅट फिनिश.

२० डिसेंबर.
दादा घरी आला. मी स्वतःहून फोन केला, हे नोंदवून ठेवतो. आवाज खोल गेलाय. स्मारकाला ये म्हणालो. तो म्हणाला, मी जानेवारी पाहत नाई गा आता.

फार वाईट वाटलं. संध्याकाळपर्यंत वाटत होतं.

२३ डिसेंबर.
रामाजी घाई करतात. पाटीचा खालचा भाग आजच हवा, नंतर त्यांच्याकडे हॉटेलचे ओटे आहेत. अध्यक्ष: श्री. सुमंत खानझोडे. त्याखाली मार्गदर्शक म्हणून दादाचं नाव द्यायचं मी आधीच ठरवलं होतं. माहिती त्याची आहे, मनाचा मोठेपणा माझा.

पण मग प्रश्न आला. रामाजी म्हणाले, साहेब, ग्रॅनाइटमध्ये एकदा श्री कोरला का त्याचा कै. होत नाई. पुरी पाटी नवी करा लागते. मागच्या वर्षी एका ट्रस्टीचं असंच झालं, उद्घाटनाच्या आठवड्यातच गेले बिचारे, सगळा दगड फुकट.

मी विचार केला. शांतपणे, ऑफिसात करायचो तसा. दगड कायमचा, अडीचशे वर्षांचा. त्यात दादाची हयात म्हणजे किती? आणि जानेवारी पाहत नाही हे मी म्हटलेलं नाही, तो स्वतः म्हणाला. घरच्या मोठ्या माणसाचा शब्द मी मानतो. डॉक्टरांपेक्षा जास्त मानतो.

मार्गदर्शक: कै. वसंत खानझोडे.

यात निराशा नाही, हे प्लॅनिंग आहे. समारंभाच्या दिवशी त्या ओळीवर झेंडूचा जाड हार. पुढचं पुढे. सुमतीला सांगितलं नाही, तिला प्लॅनिंग कळत नाही.

रात्री एक विचार मनात आला की मी किडनी दिली तर दगड चुकीचा ठरेल. विचार क्षुद्र होता. झटकून टाकला आणि झोपलो.

११ जानेवारी २०२५.
तोफ सालईखेड्याला पोचली. दिशेचा घोळ. मी साबाजीच्या फौजेकडे तोंड केलं तर ते मारुतीच्या देवळाकडे आलं. ग्रामस्थ हरकतीला हजर. थोडं फिरवलं तर बुद्धविहाराकडे. पुन्हा हरकत. आणखी फिरवलं तर सरिताताईंच्या सासऱ्यांच्या गोठ्याकडे. म्हातारबुवा काठी घेऊन आले, म्हणाले, म्हशीनं दूध देणं बंद केलं तर कोण जबाबदार? शेवटी सगळ्यांना चाललेली दिशा एकच निघाली, ती म्हणजे तोफेसमोर पाहुण्यांचा मंडप. पाहुणे बाहेरचे असल्याने त्यांची हरकत येणार नाही.

चाकांतून संत्र्यांचा वास येतो अजून.

१४ जानेवारी. संक्रांत.
दादा जानेवारी पाहतोय. चांगलंच आहे. फोन केला, तिळगूळ घ्या म्हणालो. तो म्हणाला, सव्वीसले येतो गा मी. डायलिसिस पंचवीसले आहे, सव्वीसले थोडा बरा राहीन. धोंडबाची तोफ पाहायची आहे.

म्हणालो, दादा, तू कशाला त्रास घेतोस, धूळ असते, इन्फेक्शन होईल. म्हणाला, तू माझ्यासाठी किडनी देऊन राहिला, मी तुझ्यासाठी उमरेड रोडपर्यंत नाई येऊ का?

हार आणखी जाड सांगितला.

२६ जानेवारी, रविवार.
लिहायचं नव्हतं. पण ही डायरी खरं बोलण्यासाठी आहे आणि दुसऱ्या कोणी काही वेगळं सांगायच्या आत माझी बाजू नोंदलेली बरी.

पाहुणे कमी. सगळीकडे झेंडावंदन. गावातल्या माणसांनी मात्र मान ठेवला, झेंडावंदन आटोपून सगळे तसेच मंडपात आले. वहिनी, पायल, सुमती पहिल्या रांगेत. दादा मध्ये, मास्क लावून, स्वेटर, मफलर. ऑटोतून उतरताना दोघींनी धरला होता. तोफ पाहून त्याचे डोळे हसले. म्हणाला, सुमंता, आता कोठं रुतली नाई वाटते.

सरिताताईंनी आधी संविधानाची उद्देशिका वाचली, सगळ्यांनी म्हटली. मग दोरी ओढली. दोरीला पडदा होता आणि पडद्याला हार अडकला होता. पडद्याबरोबर हारही खाली आला. मंडपवाल्याची चूक. मी लगेच हार उचलायला धावलो, तोवर सरिताताईंनी माईक हातात घेतला होता. त्या म्हणाल्या, दगडावर काय लिहिलं ते सगळ्यांले कळलं पायजे, मी वाचून दाखवते.

आणि वाचलं. ठणठणीत आवाजात, अक्षर अन् अक्षर. बैलांवर थोडे हसले लोक. अध्यक्ष, श्रीयुत सुमंत खानझोडे. टाळ्या. मार्गदर्शक, कैलासवासी वसंत खानझोडे.

मी हाताने खुणा करत होतो. त्यांना वाटलं, मला भरून आलंय. त्यांचा आवाज मऊ झाला. म्हणाल्या, साहेबांचे मोठे भाऊ दिसतेत. आज ते आपल्यात नाईत. त्यांच्यासाठी आपण दोन मिनिटं उभं राहू.

सगळा मंडप उभा राहिला. खुर्च्या सरकल्या, मग शांत. वहिनी बसूनच राहिली, हाताने तोंड दाबून. पायल माझ्याकडे पाहत होती. आणि दादा उठला. खुर्चीच्या हातांना धरून, हळूहळू, सगळ्यांबरोबर. मफलर नीट केला, हात बाजूला सोडले आणि मान खाली घालून स्वतःसाठी उभा राहिला. पूर्ण दोन मिनिटं. मागच्या रांगेतल्या कोणीतरी कुजबुजत विचारलं, हे बाबा कोण आहेत?

मीही उभा होतो. मी अध्यक्ष होतो, मला उभं राहावंच लागलं.

मग दादा चालत माझ्याजवळ आला. मास्क खाली केला. म्हणाला, तुझा टेस्टचा रिपोर्ट आला वाटते गा.

मी म्हणालो, दादा, रामाजी घाई करत होते. आणखीही कारणं होती, पण माईक चालू होता.

त्याने मास्क वर केला. परत जाताना पायलच्या खांद्यावर हात टाकला. तिला काहीतरी म्हणाला, फार हळू, आणि तिने मान हलवली. सुमती त्यांच्याच ऑटोत बसली.

सरिताताई रडल्या. मला सॉरी म्हणाल्या. मी मोठ्या मनाने माफ केलं.

चिवडा बराच उरला.

२७ जानेवारी.
आजची तारीख कॅलेंडरवर गोल केलेली आहे. गेलो नाही. बीपी तपासलं, वाढलेलं. अशा मनःस्थितीत काढलेलं रक्त खोटा रिपोर्ट देतं. शिवाय आज तिथे गेलो असतो तर अपराधीपणातून गेलो असं वाटलं असतं. दान हे स्वच्छ मनाने व्हावं.

सुमती आली नाही. फोन केला तर म्हणाली, इथं काम आहे.

५ फेब्रुवारी.
सुमती नंदनवनलाच आहे. कपडे न्यायला आली होती. मी समजावून सांगितलं की दगडातली चूक ही भाषेची नाही, भविष्याची आहे, आणि भविष्य कोणाच्या हातात असतं? ती साड्या घडी करत होती. म्हणाली, तुम्ही नाई म्हटलं असतं तरी चाललं असतं हो. तुम्ही हो म्हटलं, हे वाईट झालं. चार महिने माणूस त्याच्यावर जगला.

तिला शिकवून पाठवलेलं दिसतं.

डबा लावला आहे. भाजीत तेल फार.

१६ फेब्रुवारी.
सालईखेड्याला चक्कर. तोफेवर कोणीतरी वाळवणाची चादर टाकली होती आणि चाकाला बकरी बांधलेली. दगड स्वच्छ. सरिताताईंनी रामाजींना बोलावून दादाच्या नावाच्या आधीची अक्षरं काळ्या सिमेंटने बुजवून घेतली, मला न विचारता. जवळ गेलं की खड्डा दिसतो. स्मारकात फेरफार करण्यापूर्वी अध्यक्षांची परवानगी लागते, असं पत्र देणार आहे.

अमेरिकेला वेदिकाला फोटो पाठवले. तिने अंगठा पाठवला. नंतर फोन केला. काकांचं काय, एवढंच विचारलं. म्हणालो, प्रोसेस सुरू आहे.

९ मार्च, रविवार.
आज पहाटे जाग आली आणि सगळं एकदम स्वच्छ दिसलं. लोक काय म्हणतात, दगड काय म्हणतो, हे सगळं सोडून द्यायचं. दादा माझा भाऊ आहे. लहानपणी मी पडलो की तो मला पाठीवर घेऊन शाळेतून आणायचा. त्याच्यासाठी मी एवढं करू शकत नाही? करू शकतो. उद्या टेस्ट. कोणाला न सांगता. रिपोर्ट हातात घेऊनच दादाच्या पुढ्यात उभा राहीन.

रात्री जेवलो नाही. डबा परत पाठवला.

१० मार्च, सोमवार.
सकाळी उपाशीपोटी हॉस्पिटलला गेलो. या वेळी कँटीनकडे पाहिलंसुद्धा नाही. लॅबच्या काउंटरवर नाव सांगितलं, पेशंटचं नाव सांगितलं. मुलीने कॉम्प्युटरवर पाहिलं. म्हणाली, सर, या पेशंटचं ट्रान्सप्लांट झालं, मागच्या आठवड्यात.

सुमती जिन्याजवळ भेटली. हातात पाण्याची बाटली, केस नीट विंचरलेले नव्हते. ती मला पाहून थांबली, पण आनंद झाल्यासारखी नाही. पायलची किडनी दिली. दादा सव्वीसच्या रात्रीच हो म्हणाला म्हणे. दोघं ठीक आहेत. मिहानच्या मुलाकडच्यांनी जुळत आलेलं मोडलं, एका किडनीची पोरगी नको म्हणाले. सुमतीने हे सगळं सांगितलं, जसं शेजाऱ्याला सांगतात, आणि वर निघून गेली.

मला कोणी कळवलं नाही. सख्ख्या भावाला.

मी वर गेलो. वॉर्डच्या दाराशी वॉचमन. आत कोणाला सोडत नाहीत, इन्फेक्शनची भीती. म्हणालो, मी पेशंटचा भाऊ आहे, सख्खा, धाकटा. फक्त काचेतून पाहू द्या. तो भला माणूस होता. म्हणाला, थांबा, विचारून येतो. नाव विचारून आत गेला.

दाराच्या काचेतून कॉरिडॉर दिसत होता, टोकाला पलंगाची कड आणि एक हात. दादाचा असावा. आत सोडलं तर त्याचे पाय धरायचे, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. दुसरं काही नव्हतं.

वॉचमन आला. जरा संकोचलेला. म्हणाला, साहेब, चुकून आले का तुम्ही? पेशंट म्हणते, माझा भाऊ पाचगावच्या लढाईत गेला.

म्हणालो, हो, चुकून आलो. थट्टा करण्याइतकी त्याची तब्येत सुधारली आहे, हे महत्त्वाचं.

खाली आलो. ऑटोवाले जास्त मागत होते. चालत निघालो. ऊन बरंच होतं, वाटेत दोनदा पाणी प्यायलो. चालणं आणि पाणी, दोन्ही किडन्यांना चांगलं असतं.